निर्जंतुक आणि निर्भेळ



गोंदियासारख्या धानाच्या मुलखात शुद्धाशुद्धाची चर्चा करावयाची, तर ती तांदळापासून सुरू करणे बरे. सूप घेऊन बसलेल्या बाईला विचारा. खडा तिला लागलीच दिसतो, कोंडा पाखडताना उडून जातो, कणी चाळणीतून खाली पडते. पण चिन्नोराच्या पोत्यात कोणी त्याच अंगलटीचा दुसरा तांदूळ मिसळला, तर तो सुपात ओळखू येत नाही आणि चाळणीलाही सापडत नाही. भात शिजून पानात पडला आणि वास दरवळला नाही, की मग कळते. याहून वाईट प्रकार म्हणजे रॉकेल सांडलेल्या जागी ठेवलेले पोते. तेथे निवडून काढण्याजोगा परका दाणा एकही नसतो; दोष प्रत्येक दाण्याच्या अंगाला लागलेला असतो. आज ज्या विषयाचा इतिहास मला सांगावयाचा आहे, त्यात भेसळीच्या या तिन्ही तऱ्हा आहेत. फरक इतकाच, की तेथे दोष उघडकीस येतो तो पानात नव्हे, माणसाच्या रक्तात.

शेतात विळा लागला, तर दवाखान्यात धनुर्वाताची लस टोचतात. मधुमेहाच्या रोग्याला इन्शुलिन देतात. रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडलेल्या मुलाला नागपूरला किंवा मुंबईला नेले, म्हणजे तेथे ॲस्परॅजिनेज नावाचे औषध देतात. या तिहींच्या मुळाशी प्रथिने आहेत, आणि ती जंतूंकडून करवून घेतलेली असतात. इन्शुलिनाच्या बाबतीत कधी जंतूंऐवजी यीस्ट वापरतात, एवढेच. जंतू हा कामकरी मोठा कष्टाळू. पण मागितलेला एकच जिन्नस करून हातावर ठेवील, असा तो नाही. आपल्या आतड्यात राहणारा कोलाय जंतू घेतला, तर त्याच्या ठायी चार हजारांहून अधिक प्रकारची प्रथिने करण्याची सामग्री असते. त्या गर्दीतून आपल्याला हवे ते एक वेगळे काढावयाचे, आणि बाकीचे मागे राहिले नाही याची खात्री पटवावयाची. काढणे एक वेळ जमते; खात्री पटवणे महाकठीण. त्या खात्रीच्या इतिहासातले एक दारुण प्रकरण आपल्या मुंबईच्या परळ भागाशी जोडलेले आहे, म्हणून प्रथम तेथे जाऊ.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्याच महिन्यात सरकारने वाल्देमार हाफकिन यास कलकत्त्याहून मुंबईस पाचारण केले. हा ओडेसाचा ज्यू तरुण पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत प्रथम साहाय्यक ग्रंथपाल म्हणून लागला, तेथेच त्याने पटकीची लस तयार केली आणि १८९२ साली ती आधी स्वतःस टोचून घेतली. मुंबईत त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या संसारावर त्याने तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. त्याला सडकून ताप भरला. हा ताप श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे आपल्याला त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

लस करण्याची त्याची रीत पाहण्यासारखी होती. विलायतेत जंतू वाढविण्यासाठी गाईच्या मांसाचा रस वापरीत. हिंदू व मुसलमान या दोघांच्या भावना लक्षात घेऊन हाफकिनने शेळीच्या मांसाचा रस घेतला. (लोकांच्या मनातली शुद्धता आणि प्रयोगशाळेतली शुद्धता या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि लस टोचणाराला दोन्ही सांभाळाव्या लागतात, हे त्या परक्या माणसाने फार लवकर ओळखले.) त्या रसावर तो तुपाचे किंवा खोबरेलाचे थेंब तरंगत सोडी. कुपी मुळीच हलू दिली नाही, तर प्लेगचा जंतू त्या थेंबांना धरून वाढे आणि गुहेच्या छतावरून चुन्याच्या कांड्या लोंबाव्यात तसा रसात खाली लोंबू लागे. कुपी हलवून ती वाढ तळाशी पाडावयाची, की पुन्हा नवी फुटे. पाचसहा आठवडे असे चाले. या लोंबणाऱ्या कांड्यांचा उपयोग दुहेरी होता. पीक तर निघेच, शिवाय ते प्लेगचेच आहे अशी खूणही पटे. दुसरा कोणी जंतू घुसला, तर रस गढूळ होऊन चित्र बिघडून जाई. मग ती वाढ सुमारे ६५ ते ७० अंश सेंटिग्रेडपर्यंत तासभर तापवून जंतू मारीत आणि वर अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घालीत. डोळ्यांनी पाहून करावयाची भेसळीची इतकी सुबक परीक्षा त्या काळी दुसरी क्वचितच असेल.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा उघडली. तेथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या. १९०२ साली पंजाब सरकारने फार मोठ्या प्रमाणावर टोचणी करण्याचा बेत आखला, आणि सहा आठवड्यांची रीत अपुरी पडू लागली. तेव्हा हाफकिनने आगराच्या थरावर जंतू वाढविण्याची नवी पद्धत सुरू केली. पीक काही दिवसांत येई. या पद्धतीत कार्बोलिक आम्ल वगळले होते. जंतू मारण्याचे काम केवळ उष्णतेवर सोपविले होते.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील गुजरात जिल्ह्यात मुलकोवाल नावाचे गाव. त्या दिवशी तेथे १०७ जणांस लस टोचली. पैकी १९ जणांची लस ५३-एन या क्रमांकाच्या एका बाटलीतली होती. आठवड्याभराने त्या एकोणिसांची जबडे धरली, पाठी कमानीसारख्या वाकल्या, आणि एकोणीसच्या एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. इतर ८८ जणांना काही झाले नाही.

धनुर्वाताचा जंतू धुळीत आणि शेणमातीत असतो. वाईट दिवस आले, की तो बीजरूपाने कवचात शिरून बसतो, आणि ते कवच ६५ अंशांच्या उष्णतेला दाद देत नाही. उकळते पाणीसुद्धा त्यास पुरे पडेलच असे नाही. अर्थात प्रश्न असा उभा राहिला, की हे बीज त्या बाटलीत शिरले कोठे? परळला बाटली भरताना, की मुलकोवालला ती उघडताना?

मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले गेले. बाटली परळलाच दूषित झाली असावी, असा त्याचा निष्कर्ष निघाला, आणि कार्बोलिक आम्ल गाळल्याबद्दल ठपकाही आला. हाफकिनला कामावरून दूर करण्यात आले आणि १९०४ साली तो हिंदुस्थान सोडून गेला. परंतु साक्षीपुरावे प्रसिद्ध झाले, तेव्हा इतर शास्त्रज्ञांना त्यात निराळेच दिसले. बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळून काढला आणि त्याच चिमट्याने बूच ओढले. धनुर्वाताचा जंतू बंद बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढला असता, तर बूच काढताच घाण वास सुटला असता. तेथील डॉक्टराने तर वास घेऊन पाहिला होता आणि त्याला काही वावगे आढळले नव्हते. शिवाय बाटलीत विष आधीच तयार असते, तर माणसे अधिक लवकर आजारी पडती. आठवडा लागला, याचा सरळ अर्थ बीज ताजे होते आणि ते माणसांच्या अंगात गेल्यावर वाढले. मागाहून बाटलीच्या तळाशी धनुर्वाताचे जंतू सापडले, हे खरे. पण उघडलेल्या बाटलीत सापडलेला जंतू आपण केव्हा आत आलो, हे काही सांगत नाही. इतकी साधी गोष्ट न्यायासनावर बसलेल्या शहाण्या माणसांच्या नजरेतून कशी निसटली, याचे मला नवल वाटत आले आहे.

२९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी सह्या करून पत्र छापले, की हाफकिनवरील आरोप शाबीत होत नाही. त्याच वर्षी सरकारने त्यास दोषमुक्त केले. तो कलकत्त्यास परत आला. परळची गादी मात्र त्याला मिळाली नाही. १९३० साली लोझान येथे तो वारला. त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या संस्थेस हाफकिनचे नाव देण्यात आले होते. मुलकोवाल आज पाकिस्तानात आहे, मंडी बहाउद्दीन जिल्ह्यात.

ही झाली सुपातल्या खड्याची गोष्ट. परका जिवंत जंतू आत आला, त्याने माणसे मारली. असा खडा शोधावयाचा उपाय तेव्हाही माहीत होता आणि आजही मुळात तोच आहे. नमुना पोषक रसात टाकावा, दोन आठवडे उबेत ठेवावा आणि काही उगवते का पाहावे. काही उगवले नाही, तर नमुना निर्जंतुक. पण निर्जंतुक म्हणजे निर्भेळ नव्हे, आणि हे समजण्यासाठी हाफकिनला आलेल्या त्या तापाकडे परतले पाहिजे.

लस टोचल्यावर ताप येणे हे हाफकिनच्या दृष्टीने सुचिन्ह होते. ताप चढला म्हणजे मात्रा लागू पडली, असे तो मानी. पण जंतू तर मेलेले होते. मग ताप कशाचा? गंमत अशी, की याचे उत्तर ज्याच्यापाशी होते तो माणूस त्याच १८९७ साली मुंबईत होता. जर्मन सरकारने धाडलेल्या प्लेग मंडळात रिचर्ड फायफर नावाचा सदस्य होता. त्याने काही वर्षांपूर्वी बर्लिनला पटकीचे जंतू उष्णतेने मारून गिनिपिगांस टोचले, तरीही ती जनावरे मेली. जंतूच्या देहातच एक विष आहे, ते जंतू मेल्यावर मोकळे होते आणि उष्णतेने नाहीसे होत नाही, असे त्याने ताडले. हेच अंतर्विष, म्हणजे एंडोटॉक्सिन. तांदळाला लागलेल्या रॉकेलाची उपमा मी दिली, ती याच्यासाठी. कोलाय, पटकी, प्लेग अशा कित्येक जंतूंच्या बाहेरच्या कवचाचाच तो घटक आहे. काचेच्या भांड्यावरून ते घालवावयाचे, तर २५० अंशांच्या कोरड्या भट्टीत अर्धा तास ठेवावे लागते. प्रथिनाला अशी आच कोठून सोसणार? भट्टी विष जाळील, पण त्याआधी प्रथिनाचा कोळसा होईल.

पुढे शिरेतून औषध देण्याची चाल पडली, तेव्हा निर्जंतुक औषधानेही हुडहुडी भरून ताप येऊ लागला. डॉक्टर क्षाराला दोष देत, औषधाला देत, रोग्याच्या प्रकृतीलाही देत. १९२३ साली फ्लॉरेन्स साइबर्ट या अमेरिकन विदुषीने दाखवून दिले, की दोष पाण्याचा आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात साठवणीत जंतू वाढतात. शिवाय उकळताना उडालेले बारीक तुषार वाफेबरोबर पलीकडे जातात आणि जंतूंचे विष सोबत नेतात. तिने नळीत तुषार अडविणारा सापळा बसविला आणि ताप थांबला. लहानपणी पोलिओने ती पायाने अधू झालेली होती. हीच साइबर्ट पुढे क्षयाच्या जंतूंमधील प्रथिन शुद्ध करण्याच्या कामी लागली, आणि क्षयाच्या परीक्षेसाठी हातावर जे टोचतात, ते पी. पी. डी. तिच्या हातचे. जंतूंच्या प्रथिनाची शुद्धी हा ज्यांचा जन्मभराचा उद्योग झाला, अशांमध्ये तिचे नाव अग्रभागी घ्यावयास हवे.

तापाची परीक्षा सशावर होऊ लागली. १९४२ पासून अमेरिकेच्या औषधकोशात ती आली. औषध सशाच्या कानाच्या शिरेत टोचावयाचे आणि तीन तास त्याचे तापमान पाहत बसावयाचे. सशांवरचा हा भार बराचसा उतरवला तो एका समुद्री जीवाने. घोड्याच्या नालासारखी पाठ असल्यामुळे इंग्रजीत त्यास हॉर्सशू क्रॅब म्हणतात. वास्तविक तो खेकड्याचा नव्हे, विंचू-कोळ्यांचा नातलग. रक्त निळे. १९५६ साली फ्रेडरिक बँग याने या प्राण्यास जंतू टोचले, तर सारे रक्त गोठून गेले. जंतू उकळून मारले तरी तेच. जॅक लेव्हिन याच्या मदतीने त्याने यातून परीक्षा सिद्ध केली. रक्तपेशींचा अर्क घ्यावा, त्यात औषध मिसळावे. गोठला, तर अंतर्विष आहे. सूक्ष्मता इतकी, की आज शिरेतून देण्याच्या बहुतेक औषधांना वजनाच्या दर किलोमागे तासाला ५ एककांची मर्यादा आहे, आणि एक एकक म्हणजे सुमारे एका ग्रॅमचा हजार कोटीवा भाग. या जीवाच्या दोन जाती आपल्याकडे ओरिसा आणि बंगालच्या किनाऱ्यावर आहेत, आणि गोव्यात दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचा अभ्यास केला आहे.

आता तिसरी भेसळ, त्याच अंगलटीच्या दुसऱ्या तांदळाची.

ज्या धनुर्वाताने मुलकोवालची माणसे मेली, त्याचे विष हे स्वतः एक प्रथिन आहे. १९२० नंतरच्या दशकात पॅरिसला गास्तों रामों आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घटसर्प व धनुर्वात यांची विषे फॉर्मलिनने मवाळ करून त्यांचीच लस केली. मुंबईची हाफकिन संस्था आणि १९६६ साली निघालेली पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट यांनी घरोघर पोहोचविल्या, त्या लसींमध्ये याही आहेत. प्रारंभी या लशीत जंतूचे विष थोडे आणि रसातली पेप्टोने नि जंतूची इतर प्रथिने पुष्कळ असत. त्यामुळे दंड सुजत, पित्त उठे. म्हणून शुद्धतेचे माप ठरले. प्रथिनरूपी नत्राच्या दर मिलिग्रॅममागे धनुर्वाताच्या लशीत किमान १००० एकके आणि घटसर्पाच्या लशीत किमान १५०० एकके असली पाहिजेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जिन्नस पोत्यात किती आहे हे पुरेसे नाही, पोत्याच्या वजनाच्या मानाने किती आहे ते सांगा, असा याचा अर्थ.

१९७८ साली कॅलिफोर्नियात कोलाय जंतूकडून माणसाचे इन्शुलिन करून घेण्यात आले आणि १९८२ साली ते औषध म्हणून मान्य झाले. डुकराच्या स्वादुपिंडाची गरज सरली, पण कोलाय जंतूची कधी न पाहिलेली प्रथिने रोग्याच्या अंगात जन्मभर रोज टोचली जाण्याचा धोका नव्याने आला. वाढीच्या संप्रेरकाच्या पहिल्या नमुन्यांनी तो खरा करून दाखविला. मुलांच्या रक्तात कोलायच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झाली.

हा परका तांदूळ ओळखावा कसा? पहिली युक्ती म्हणजे जेलीच्या थरातून विजेच्या ओढीने प्रथिने पळवावयाची. हलके पुढे, जड मागे. मग रंग दिला, की प्रत्येकाची एक रेघ उमटते. एकच रेघ दिसली, की कित्येक जण नमुना शुद्ध म्हणून निश्चिंत होतात. पण सारख्या वजनाची दोन प्रथिने एकाच रेघेत दडून राहतात. चांदीच्या क्षाराने रंगविले, तर आधी न दिसलेल्या फिक्या रेघा उठून येतात. दुसरी युक्ती प्रतिद्रव्यांची. कोलायची सारी प्रथिने शेळीला किंवा सशाला टोचून तिच्या रक्तातून प्रतिद्रव्ये काढावयाची आणि ती नमुन्यात घालून काही पकडतात का पाहावयाचे. हाफकिनने रसासाठी घेतलेली शेळी इथे दुसऱ्या कामाला पुन्हा हजर आहे. मात्र जे प्रथिन शेळीच्या शरीराने दखलपात्र मानले नाही, ते या परीक्षेतून बेमालूम सुटते.

आणि काढावे कसे? अमोनियम सल्फेट घालून साका बसविणे ही जुनी रीत. विद्युत्भारानुसार किंवा आकारानुसार निवडणारे स्तंभ नंतरचे. १९८० नंतरच्या दशकाअखेर स्वित्झर्लंडमध्ये एक हिकमत निघाली. हव्या त्या प्रथिनाला हिस्टिडिनच्या सहा मण्यांची शेपटी जोडावयाची; ती निकेलला चिकटते; बाकीचे धुऊन टाकावयाचे. फार सुंदर युक्ती. पण कोलायपाशी स्वतःचीच काही प्रथिने अशी आहेत, की त्यांच्या अंगावर हिस्टिडिन भरपूर असते, आणि तीही निकेलला मिठी मारतात. दुसरे एक प्रथिन इतरांस नीट घडी घालण्यास मदत करणारे. ते मदत करता करता आपल्या प्रथिनाला धरूनच बाहेर येते. नुसत्या पाण्याने ते सुटत नाही. पेशीचे इंधन जे ए. टी. पी., ते दिले, म्हणजे आपले काम झाले असे समजून ते हात सोडते. शोधनाच्या साऱ्या शास्त्रात मला याइतकी गोड युक्ती दुसरी आढळली नाही. चोराला मारण्याऐवजी त्याची मजुरी चुकती करून वाटेला लावण्याचा हा प्रकार.

हे सारे प्रयोगशाळेतले बारकावे वाटतील. म्हणून ब्राझीलची हकीकत सांगतो. ॲस्परॅजिनेज कोलाय जंतूपासूनच काढतात आणि रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेली मुले बरी होतात, त्यात त्याचा वाटा मोठा आहे. २०१७ साली ब्राझीलच्या आरोग्य खात्याने नेहमीचे औषध सोडून दुसरे, स्वस्त औषध खरेदी केले. काम्पिनास शहरातील बोल्द्रिनी बालरुग्णालयाच्या डॉक्टरांनी ते मुलांना टोचण्यापूर्वी तपासावयास धाडले. प्रथिनांचे तुकडे अचूक तोलणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटर यंत्राने दाखविले, की जुन्या औषधाच्या मानाने या नव्या औषधात जंतूंची परकी प्रथिने कितीतरी अधिक आहेत. मग वृत्तपत्रे, न्यायालये, सारेच आले. मुलकोवाल आणि काम्पिनास यांत ११५ वर्षांचे अंतर आहे. एकीकडे घाई पंजाब सरकारची, दुसरीकडे काटकसर ब्राझील सरकारची. मुलकोवालला परीक्षा माणसे मेल्यावर झाली. काम्पिनासला ती बाटली टोचण्याआधी झाली, आणि तीही कोणी हुकूम केला म्हणून नव्हे, तर रोग्यांच्या उशाशी बसणाऱ्या डॉक्टरांना संशय आला म्हणून.

अलीकडे त्या निळ्या रक्ताच्या जीवाचीही सुटका होऊ घातली आहे. सुंदरबनातही आढळणाऱ्या त्याच्या खाजणवासी जातीवरून सिंगापूरच्या संशोधकांनी अंतर्विष ओळखणाऱ्या प्रथिनाचे जनुक वेगळे केले. आता ते प्रथिन प्राण्याचे रक्त न काढता कीटकांच्या पेशींकडून बनवून घेतात, आणि २०२१ पासून युरोपच्या औषधकोशाने त्या परीक्षेस मान्यता दिली आहे.  ज्या विषाचा शोध या प्रथिनाने घ्यावयाचा, तेच विष कोलायच्या अंगाखांद्यावर. म्हणून ते काम कीटकांच्या पेशींकडे दिले आहे.